ग्रां प्रीवरची पैज: जुन्या निकालांची वही कामाची असते का?

सातरस्ता:

बाबांची एक वही आमच्याकडे अजून आहे. लाल पुठ्ठ्याची, कडा झिजलेल्या. बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटून आले की जेवणाआधी त्या वहीत मटक्याचा त्या दिवसाचा ओपन आणि क्लोज, म्हणजे दिवसातल्या दोन सोडतींचे आकडे, लिहायचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवरून सुरू झालेला हा खेळ साठच्या दशकात मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आणि पुढे पत्त्यांवर आला, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आमच्या चाळीत प्रत्येक मजल्यावर अशी एक तरी वही होती. कुठल्या वारी सत्ता आला, पंजा किती दिवस आला नाही, सगळं लाल पेन्सिलीने गोल करून ठेवलेलं.

मी मटका कधी खेळलो नाही. पण २०१४ पासून मी फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या प्रत्येक ग्रां प्रीची, म्हणजे शर्यतीची, एक्सेल शीट ठेवतो. पात्रता फेरीत कोण कितवा, शर्यतीत कितवा, पाऊस होता का, सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली का, टायर कोणते. आम्ही पाच मित्र एकाच्या घरी मुलुंडला जमतो. युरोपातली शर्यत असली की संध्याकाळी साडेसहाला, मायामीची असली की रात्री दीडला डोळे ताणून. शर्यतीआधी प्रत्येक जण पहिले तीन लिहून देतो, ज्याचा अंदाज सगळ्यात चुकतो तो पुढच्या वेळचं जेवण देतो. एवढीच आमची पैज.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तेवीस वर्षांचा आहे, डोंबिवलीहून ऐरोलीला कामाला जातो, पहिलीच नोकरी. म्हणाला, ‘मामा, तुझी ती शीट मला पाठव ना. एका अॅपवर ग्रां प्रीवर पैसे लावता येतात. तुझ्याकडे एवढ्या वर्षांचे निकाल आहेत, फुकट का घालवायचे?’

मी उद्या पाठवतो म्हणालो आणि अजून पाठवलेली नाही. त्या रात्री कपाटातून बाबांची वही काढली आणि लॅपटॉपशेजारी ठेवली. दोन्हीकडे तेच उभे रकाने. पण दोन्ही एकच आहेत का, हे मला नीट कळत नाहीये, म्हणून हा धागा. मडक्यातून निघालेल्या चिठ्ठीचा कालच्या चिठ्ठीशी काही संबंध नसतो. गाडीचा असतो. वेगवान गाडी पुढच्या रविवारीही बहुधा वेगवानच असते. मग माझ्या शीटला बाबांच्या वहीपेक्षा जास्त किंमत आहे, असं म्हणायचं का?

जाणकारांनी मोकळेपणाने लिहा.

हेअरपिन:

चांगला धागा. मी मोनॅकोपासून सुरुवात करतो, कारण ‘तिथे पोल मिळवली की शर्यत जिंकली’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. रस्ता अरुंद, ओव्हरटेक जवळपास अशक्य, त्यामुळे ऐकायला पटतं.

२०१६ ते २०२५ मध्ये मोनॅकोत नऊ शर्यती झाल्या, २०२० ची कोरोनामुळे झाली नाही. नवांपैकी पोलवाला जिंकला पाच वेळा: २०१८ रिकार्डो, २०१९ हॅमिल्टन, २०२३ व्हर्स्टापेन, २०२४ लेक्लेर, २०२५ नॉरिस. उरलेल्या चार वेळा काय झालं ते बघण्यासारखं आहे. २०१६ ला रिकार्डो पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, आला तेव्हा त्याचे टायरच तयार नव्हते. २०१७ ला रायकोनेन आधी पिटमध्ये गेला आणि फेटल त्याच्याच संघाच्या दुसऱ्या गाडीतून पुढे निघून गेला. २०२१ ला लेक्लेर पोलवर होता, पण ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या रांगेकडे, जातानाच गाडी बिघडली आणि तो शर्यतीत उतरलाच नाही. २०२२ ला पुन्हा लेक्लेर, पावसात फेरारीचं टायर बदलण्याचं गणित चुकलं.

यातलं एकही कारण ‘पोल’ या रकान्यात दिसत नाही. पण एक गोष्ट दिसते: या नऊही शर्यतींचा विजेता ग्रिडवर पहिल्या तिनांतला होता. म्हणजे जुना निकाल काहीतरी सांगतो, फक्त आपण ज्या प्रश्नाचं उत्तर मागतो त्याचं तो देत नाही.

आणि याच मोनॅकोत १९९६ साली ऑलिव्हिए पानीस चौदाव्या जागेवरून जिंकला होता. शर्यत संपली तेव्हा तीनच गाड्या धावत होत्या.

नवखी:

वाचतेय. पोल म्हणजे नक्की काय? मी नवऱ्यासोबत नुकतीच बघायला लागले आहे.

हेअरपिन:

@नवखी ताई, शनिवारी पात्रता फेरी असते. तिच्यात ज्याची एक फेरी सगळ्यात कमी वेळात होते त्याला रविवारी सर्वात पुढे उभं राहायला मिळतं. ती पहिली जागा म्हणजे पोल.

सातरस्ता:

@हेअरपिन, शीट उघडून बसलो होतो, हिशेब जुळला. आता अझरबैजानचं बाकू बघा. लेक्लेरने २०२१, २०२२, २०२३, २०२४ अशी सलग चार वर्षं तिथे पोल घेतली. जिंकला एकदाही नाही. २०२५ च्या आधी भाच्याने मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? लेक्लेर बाकूत पोल घेतोच, की लेक्लेर बाकूत हरतोच? त्याच चार ओळींतून दोन्ही निघतं.

माझ्या शीटमध्ये नाही, पण मनात कायम असलेली एक ओळ सांगतो. १९ जून २००५, इंडियानापोलिस. नारायण कार्तिकेयन, जॉर्डन संघ, चौथा क्रमांक. ती शर्यत आम्ही चाळीत सात-आठ जणांनी बघितली होती आणि आपला माणूस गुणांत आला म्हणून पेढे वाटले होते. मिशेलिनच्या टायरना धोका होता म्हणून १४ गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यत सुटण्याआधीच्या फेरीनंतर, पिटमध्ये परतल्या आणि शर्यत फक्त सहा गाड्यांची झाली. कार्तिकेयनबद्दलचा अभिमान आजही तसाच आहे, त्या दिवशी त्याने समोर होतं ते काम केलं. पण नुसता रकाना वाचणाऱ्याला तिथे ‘४’ दिसेल आणि त्या ‘४’ मध्ये काय आहे ते कळणार नाही.

गणिती:

सातरस्ता, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे. कोण जिंकेल हे ओळखणं एक, आणि पैजेत पैसे मिळणं वेगळं. मध्ये भाव असतो.

२०२३ घ्या. २२ शर्यती झाल्या, त्यातल्या १९ व्हर्स्टापेनने जिंकल्या. यापेक्षा सोपं वर्ष कुणाला मिळणार? समजा, एखाद्याने प्रत्येक शर्यतीत डोळे मिटून त्याच्यावर १०० रुपये लावले आणि भाव १.१५ मिळाला, म्हणजे जिंकल्यास १०० चे ११५. एकोणीस वेळा १५ रुपये मिळाले, २८५. तीन वेळा १०० गेले, ३००. वर्षाअखेर पंधरा रुपये तोटा. २२ पैकी १९ अंदाज बरोबर येऊनही तोटा!

भाव १.४० मिळाला असता तर हाच माणूस ४६० रुपये कमावता. पण १.४० कोण देणार? भाव लावणाऱ्याकडे तुमच्याआमच्यासारखीच शीट असते, शिवाय सरावाच्या प्रत्येक फेरीची सेक्टरनिहाय, म्हणजे ट्रॅकच्या भागांनुसार, वेळ असते, आणि दिवसभर तेच काम करणारी माणसं असतात. जुने निकाल भावात आधीच जिरलेले असतात.

त्यात त्याची दलाली. दोन ड्रायव्हरांपैकी पुढे कोण येईल, अशी पैज असते. दोघं अगदी समसमान असले तर भाव प्रत्येकी २ हवा. तो देतो साधारण १.८५. म्हणजे प्रत्येकाची शक्यता ५४ टक्के धरली, बेरीज १०८. वरचे आठ टक्के त्याचे. शंभरात पन्नास वेळा बरोबर येणारा माणूस इथे हळूहळू रिकामा होतो, चोपन्नच्या वर गेलात तरच हातात काही उरतं.

तुमच्या बाबांच्या मटक्यात आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. तिथे दहा टक्के कापले जायचे. खेळाचं रूप बदललं तरी कापणारा तोच राहतो.

माटुंगा वर्कशॉप:

मी गाड्यांच्या बाजूने लिहितो. सातरस्ता म्हणतात, वेगवान गाडी पुढच्या रविवारीही वेगवान असते. रविवारपुरतं खरं आहे. वर्षापुरतं नेहमीच नाही.

२०१३ च्या शेवटच्या नऊ शर्यती फेटलने सलग जिंकल्या. त्यातली एक आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरची, तिथेच त्याचं चौथं जगज्जेतेपद नक्की झालं. आपल्याकडे तीनच ग्रां प्री झाल्या, २०११, २०१२ आणि २०१३, आणि तिन्ही त्याने पोलवरून जिंकल्या. जुन्या निकालांवर जाणाऱ्याला याहून भक्कम पुरावा मिळणार नाही. २०१४ ला व्ही-एट इंजिनं गेली, टर्बो हायब्रिड आली. मर्सिडीझने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. फेटल त्या पूर्ण वर्षात एकही जिंकला नाही. माणूस तोच होता आणि संघही तोच होता.

उलट दिशेने २००९. होंडा २००८ मध्ये संघांच्या तक्त्यात नववी होती आणि वर्षाअखेर खेळातूनच बाहेर पडली. तोच कारखाना, तीच माणसं ब्रॉन नावाने उतरली आणि त्यांच्या ड्रायव्हर बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. डिफ्यूझरचा (गाडीखालची हवा मागून बाहेर सोडणाऱ्या भागाचा) एक नियम त्यांनी बहुतेक संघांपेक्षा वेगळा वाचला होता.

२०२२ ला जमिनीलगतच्या हवेचा परिणाम वापरणाऱ्या गाड्या आल्या आणि आठ वर्षं सलग संघ-विजेती राहिलेली मर्सिडीझ वर्षभरात एकच शर्यत जिंकली. २०२६ पासून पुन्हा सगळं बदललं: विजेचा वाटा जवळजवळ निम्मा, पंख हलणारे, अकरावा संघ. सातरस्ता, तुमच्या शीटमधल्या २०२५ पर्यंतच्या ओळी आता वेगळ्या यंत्रांच्या ओळी आहेत. मी तुमच्या जागी असतो तर तिथे जाड रेघ मारली असती.

ट्रॅकचे गुण मात्र टिकतात. सिंगापूरच्या भिंती जवळ, त्यामुळे २००८ पासून २०२३ पर्यंत तिथल्या प्रत्येक शर्यतीत सेफ्टी कार आली. (२०२४ ला पहिल्यांदा आली नाही.) मोनॅकोचा रस्ता रुंद होत नाही. असले रकाने ठेवण्यासारखे.

हेअरपिन:

सिंगापूरवरून आठवलं. तिथली पहिली शर्यत, २००८ ची, अलोन्सो पंधराव्या जागेवरून जिंकला. कारण सेफ्टी कार अगदी सोयीच्या वेळी आली. ती आली त्याच संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने भिंतीवर गाडी आपटल्यामुळे. वर्षभराने उघड झालं की ती मुद्दाम आपटवली होती. निकाल मात्र बदलला नाही. कुठल्याही तक्त्यात आजही तिथे अलोन्सोच.

चिरेबंदी:

मला सगळ्यांचं म्हणणं थोडं एकांगी वाटतंय. हा खेळ मटका नाही. मी शुक्रवारच्या सरावातल्या लांब फेऱ्या बघतो: इंधन भरलेली गाडी, एकाच टायरवर पंधरा-वीस फेऱ्या, प्रत्येक फेरीला वेळ किती घसरते. रविवारी कोणाचे टायर टिकतील हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. पावसाचा अंदाज बघतो. २०२४ च्या ब्राझीलला व्हर्स्टापेन सतराव्या जागेवरून पावसात जिंकला आणि पोलवरचा नॉरिस सहावा आला. पावसात कोण कसा चालवतो हे ज्याने वर्षानुवर्षं बघितलंय त्याला त्या दिवशी फार धक्का बसला नसेल. अभ्यासाला किंमतच नाही, असं म्हणू नका.

गणिती:

@चिरेबंदी, अभ्यासाला किंमत आहे, हे मनापासून मान्य. तुमचा अंदाज माझ्यापेक्षा चांगला असणार. पण पैजेत तुम्हाला मला हरवायचं नसतं, भावाला हरवायचं असतं. त्या लांब फेऱ्या तोही बघतो. आणि समजा तुम्ही खरोखर त्याच्यापुढे गेलात, तर परदेशातले बुकी सतत जिंकणाऱ्याच्या खात्यावर मर्यादा घालतात. हरणाऱ्याला मात्र कुणी थांबवत नाही.

अजून एक. वर्षाला चोवीस-एक शर्यती. एवढ्या थोड्या पैजांतून तुम्हाला कौशल्य आहे की नशिबाने साथ दिली, हे स्वतःलाही कळत नाही. चोवीस वेळा नाणं उडवलं तर पंधरा वेळा छापा येणं काही विशेष नाही. पण त्याच चोवीसांत पंधरा पैजा जिंकलेला माणूस पुढच्या वर्षी रक्कम वाढवतो.

चिरेबंदी:

शेवटचा मुद्दा पटला. दोन वर्षांपूर्वी मी जेवणाच्या पैजेत ओळीने सहा वेळा जिंकलो होतो आणि मला खात्रीच झाली होती.

ओसरी (वकील):

कायद्याचं थोडक्यात लिहिते, कारण भाचा तरुण आहे आणि हे त्याला कुणी सांगत नाही.

आपल्या राज्यात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. त्यात घोड्यांच्या शर्यतीला अटींसह सूट आहे, म्हणून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तिकीट काढता येतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. बरेच जण हाच युक्तिवाद मोटारींना लावतात. तशी सूट मोटारींच्या शर्यतीला नाही.

ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने सरसकट बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि इथेच मुलं निर्धास्त होतात. पण अॅप बेकायदा असेल तर पैसे अडकल्यावर दाद कुठे मागणार? शिवाय पैजेच्या कमाईवर तीस टक्के आयकर. गणितींच्या हिशेबात हे अजून धरलेलंच नाही.

नाव नको:

खूप दिवस फक्त वाचत होतो, आज लिहितो.

मीही शीटवरूनच सुरुवात केली होती. २०२३ ला. व्हर्स्टापेनच्या रेड बुल संघाने त्या वर्षी २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. मी सिंगापूरपर्यंत जवळपास प्रत्येक वेळी बरोबर होतो. रक्कम लहान होती, पण भावही इतके लहान की हातात काही पडेना, म्हणून रक्कम वाढवली. सिंगापूरच्या आधी व्हर्स्टापेन सलग दहा जिंकला होता. शनिवारी तो अकरावा आला. मी शीट पुन्हा पुन्हा वाचली आणि ठरवलं की तो मागून येऊन जिंकेल, त्याआधी तसं झालंही होतं. भाव वाढला होता, मला वाटलं हीच संधी. दोन पगारांएवढी रक्कम लावली. साइन्झ जिंकला, व्हर्स्टापेन पाचवा.

त्यानंतर जे केलं ते जास्त वाईट. गेलेले परत आणायचे म्हणून ज्या गोष्टींचा मला काही अभ्यास नव्हता त्यांवर लावत गेलो: पहिली फेरी कोण पूर्ण करणार नाही, पिट स्टॉप कुणाचा सर्वात वेगवान. शेवटी एकदा थोडे पैसे जिंकलो, ते काढायला गेलो तर अॅपने आधी कागद मागितले, मग अजून कागद, मग उत्तरच बंद. बायकोला सांगायला आठ महिने लागले. ती ओरडली नाही. म्हणाली, आधी किती देणं आहे ते कागदावर लिहू. अजून फेडतोय.

मला शीटने फसवलं नाही. शीट बरोबर होती म्हणून मी तिच्यावर भार टाकत गेलो. भाच्याला सांगा.

नवखी:

नाव नको, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या पत्नीलाही नमस्कार सांगा.

ओसरी (वकील):

@नाव नको, कर्जाच्या कागदांबाबत काही विचारायचं असेल तर निरोप करा, फी नको.

सातरस्ता:

सगळ्यांचे आभार. नाव नको, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

रविवारी भाचा घरी आला होता. जेवणं झाल्यावर त्याच्यासमोर बाबांची वही ठेवली. त्याने ती पहिल्यांदाच बघितली. आजोबा एवढं सुंदर अक्षर काढायचे, हे त्याला माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं की शेवटच्या पानांवर आकड्यांऐवजी नुसत्या रकमा का आहेत. ती उसनवारी आहे. १९८२ चा संप सुरू झाला, पगार थांबला, आणि बाबांनी वहीची मागची बाजू त्यासाठी वापरली. कुणाकडून किती आणले, आणि त्यातले किती पुन्हा पुढच्या बाजूला गेले. मला ही पानं ठाऊक होती. त्याला दाखवेपर्यंत त्यांच्याबद्दल मी कुणाशी बोललो नव्हतो, आईशीसुद्धा नाही.

मग आम्ही गणितींचा २०२३ चा हिशेब कागदावर केला. पंधरा रुपये तोटा आला तेव्हा तो म्हणाला, चुकलंय, परत करू. परत केला. नंतर त्याने स्वतःच नाव नको यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचला आणि अर्ध्यावर थांबला. फोन काढून अॅप दाखवलं. आठशे रुपये आधीच भरले होते, ते मला सांगितलं नव्हतं. मी रागावलो नाही, खरं तर मला हायसं वाटलं की आठशेच होते.

शीट त्याला दिली आहे. पण २०२६ च्या ओळीवर माटुंगा वर्कशॉप म्हणाले तशी जाड रेघ मारून, आणि दोन नवे रकाने घालून: पोलवाला हरला तर का हरला, आणि हे शनिवारी रात्री कुणाला कळू शकलं असतं का. दुसरा रकाना भाच्याने सुचवला. मागच्या मोनॅकोंपासून भरायला बसलाय. २०१६ समोर त्याने ‘टायर तयार नव्हते, कुणालाही नाही’ असं लिहिलंय. पुढच्या शर्यतीला तो मुलुंडला येणार आहे, जेवणाच्या पैजेत सहावा भिडू म्हणून.

@चिरेबंदी, त्या लांब फेऱ्यांच्या वेळा तुम्ही कशा लिहून ठेवता? त्याला तो रकानाही हवा आहे.

चिरेबंदी:

टायरचा प्रकार, टायर किती फेऱ्या जुना, आणि सलग फेऱ्यांची वेळ. पहिली आणि शेवटची फेरी सोडून द्या. रहदारीत अडकलेली फेरीही काढून टाका. नमुना आज रात्री पाठवतो.